घनश्याम उद्या येतो

माणसाचं नाव एकच असतं आणि ते त्याला माहीत असतं, अशी वयाच्या बहात्तराव्या वर्षापर्यंत माझी समजूत होती. गेल्या कार्तिकातल्या एका मंगळवारी सकाळी, शेजारच्या रामीबाईच्या ओट्यासमोर, ती संपली.

झालं असं, की दोन दिवस मला कोणाचाच फोन आला नव्हता आणि मी केलेले फोनही कोणी उचलले नव्हते. फोन बिघडला असावा म्हणून तपासायला मी आमच्या फाटकात उभी राहून रामीबाईला फोन लावला. रामीबाई ओट्यावर मेथी निवडत बसलेली मला दिसत होती. तिला वाचता येत नाही, म्हणून तिच्या मुलाने, डोंगरसिंगाने, तिला नवा फोन घेऊन दिला आहे. फोन कोणाचा आहे ते तो फोनच मोठ्याने सांगतो. फोन वाजला, आणि त्यातून एक गोड बाई म्हणाली, "गावंडे काकू उचलू नको. गावंडे काकू उचलू नको."

रामीबाईने फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा मेथी निवडायला लागली.

"उचल न," मी म्हटलं.

"थे बाई नको म्हणून राह्यली," रामीबाई म्हणाली.

त्या बाईचे उच्चार स्वच्छ होते, हे मला कबूल करायला हवं. 'उचलू'वर थोडा जोर होता आणि 'नको' अगदी मायेने म्हटलेलं होतं. हे मी कोणी ऐरीगैरी म्हणून सांगत नाही. मी छत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली. त्यातली पहिली अठरा दिग्रसच्या एक्स्चेंजमध्ये, कानाला हेडफोन लावून, बोर्डासमोर. तेव्हा दिग्रसचे नंबर दोन आकडी होते आणि कोणालाही कोणाशी बोलायचं झालं तर आधी माझ्याशी बोलावं लागे. ज्या गावाने अठरा वर्षं रिसीव्हर उचलल्याबरोबर माझा आवाज ऐकला, ते गाव आता म्हणत होतं, उचलू नको.

मी तशीच बसस्टँडजवळच्या राजकुमारच्या मोबाइलच्या दुकानात गेले. राजकुमार चांगला चाळिशीचा माणूस आहे. त्याला जे येत नाही ते तो इंग्रजीत सांगतो. त्याने मला समजावलं, की 'कोण बोलतंय' नावाचं एक ॲप आहे. ते ज्याच्या फोनमध्ये असतं, त्याच्या फोनमधली सगळी नावं कंपनीकडे जातात. मग त्यातल्या नंबराहून कोणालाही फोन गेला, की समोरच्याने स्वतः काहीही नाव ठेवलेलं असो, त्याला लोकांनी ठेवलेलं नाव दिसतं. म्हणजे मी माझं नाव काय सांगते याला काही किंमत नाही. लोक माझ्या माघारी काय म्हणतात, ते माझं नाव.

"कोणी ठेवलं हे नाव?" मी विचारलं.

"एकाच्या म्हणण्यावर कंपनी नाव ठेवत नाही, काकू. कमीत कमी पाच-सहा जणायनं तसंच लिहिलं असन."

म्हणजे निदान बहुमत तरी घेतलं होतं.

घरी येऊन मी आमच्या ह्यांना सांगितलं. हे निवृत्त कापूस ग्रेडर आहेत. आयुष्यभर सरकी आणि धागा पाहून माणसाच्या डोळ्यांत पाहायची त्यांची सवय गेली आहे. पेपर खाली न घेता ते म्हणाले, "लोकांना तू दर तीन मिनिटांनी सांगायचीस, तीन मिनिटं झाली, आता जास्तीचे पैसे पडतील. तुला सांगायला कोणी नव्हतं." मी त्या दिवशी वांग्याच्या भाजीत मीठ घातलं नाही. त्यांना ते कळलंही नाही.

माझी मागणी मोठी नव्हती. 'उचलू नको' एवढे दोन शब्द काढावेत आणि 'गावंडे काकू' राहू द्यावं. यावर गल्लीत जेवढी घरं तेवढे सल्ले आले. दूधवाला भीमसिंग म्हणाला, नंबरच बदला. मी म्हटलं, नाव खराब झालं म्हणून माणूस गाव सोडत नाही. रामीबाईच्या मते कोणी करणी केली होती आणि फोनवरून लिंबू उतरवायला हवं होतं. तिने ते उतरवलंही. त्यानंतर स्क्रीनवर दोन दिवस चिकट डाग होता, बाकी फरक पडला नाही. कोणी सांगितलं, यवतमाळला एका कार्यालयात याची तक्रार घेतात. मी एस.टी.ने गेले. तिथल्या मुलीने आदराने खुर्ची दिली आणि फॉर्म भरायला घेतला. 'काय गेलं?' या रकान्यात पर्याय होते: पैसे, फोटो, पासवर्ड. मी म्हटलं, अब्रू. तिने वरपासून खालपर्यंत पुन्हा पाहिलं आणि म्हणाली, "आजी, इतर-मध्ये टाकू का?" इतर-मध्ये अब्रू टाकून मी परत आले.

मागच्या घरातला घनश्याम म्हणाला, "काकू, कायले एवढं टेन्शन घेता? मी पाहतो न. उद्या येतो."

घनश्यामबद्दल थोडं सांगायला हवं. तो लाइट फिटिंगची कामं करतो, हात सोन्याचा आहे आणि स्वभावाने देवमाणूस. फक्त तो उद्या येतो. आमच्या न्हाणीघरातला दिवा पोळ्याच्या आधी गेला, तेव्हापासून तो उद्या येतो आहे. यात लबाडी नाही. म्हणताना त्याला मनापासून यायचं असतं. त्याची एकुलती एक मुलगी अर्पिता फार्मसी शिकून इथेच एका औषधाच्या दुकानात काम करते. तिचं लग्न घाटंजीच्या एका घरात ठरत आलं होतं. पोरगी गुणाची. आईविना वाढली, पण कोणाला आईची उणीव जाणवू दिली नाही, बापाला तर नाहीच.

शेवटी मी कंपनीलाच लिहिलं. एक्स्चेंजमध्ये असताना मी खात्याला पुष्कळ अर्ज लिहिले आहेत. विषय, संदर्भ, महोदय, सगळं नीट घालून दीड पानाची तक्रार केली. तिचं उत्तर दीड मिनिटात आलं. ते असं:

"प्रिय गावंडे काकू उचलू नको, आपली तक्रार मिळाली. आपले समाधान हेच आमचे ध्येय. श्रीमती नको, हे नाव आपल्याला कोणी दिले ते त्या व्यक्तींच्या गोपनीयतेच्या कारणास्तव आम्ही सांगू शकत नाही. नाव बदलण्यासाठी कृपया सदस्य व्हा."

आमच्या खात्यात पत्राला उत्तर यायला सहा महिने लागत, पण ते वाचून कोणीतरी लिहिलेलं असे.

मी सदस्य व्हायचं ठरवलं. ह्यांनी पेपरामागून सांगितलं, की राजकुमारला विचारल्याशिवाय काही दाबू नकोस. मी म्हटलं, ज्या बाईने बोर्डावर एका वेळी दहा-दहा कॉलच्या दोऱ्या हाताळल्या, तिला एक बटण दाबायला राजकुमार लागत नाही. मी चष्मा पुसला आणि पाटावर बसून, फोन समोर ठेवून, सगळी माहिती भरली. जन्मतारीख विचारली, खरी सांगितली. शिक्षण, व्यवसाय, आवडीनिवडी, सगळं खरं लिहिलं. मग तो एकेक परवानगी मागायला लागला. संपर्क पाहू का? ठिकाण पाहू का? माइक वापरू का? इतक्या नम्रपणे मला आमच्या घरातही कोणी कधी विचारलेलं नाही. मी प्रत्येक वेळी 'परवानगी द्या' दाबलं. शेवटी फटाके उडाल्यासारखं काहीतरी झालं आणि लिहून आलं, की आपली माहिती शंभर टक्के पूर्ण आहे, आपण आता 'विश्वासू सदस्य' आहात. माझ्या नावापुढे हिरवी खूण आली. माझं नाव नुसतं 'गावंडे काकू' झालं. मी देवापुढे साखर ठेवली.

आता माझ्या फोनमधल्या नावांचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं.

एक्स्चेंजमध्ये आमच्याकडे एक वही असे. नंबर, नाव, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. 'बहिरे, मोठ्याने बोलावे.' 'रात्री जागे असतात.' 'अर्जंट म्हणतात, अर्जंट नसतं.' नव्या ऑपरेटरला गाव कळावं म्हणून ती सोय होती, आणि वही बोर्डाच्या खणाबाहेर कधी गेली नाही. हाताला लागलेली सवय सुटत नाही. फोनमध्ये नाव भरताना मी शेरा लिहिल्याशिवाय राहू शकत नाही. भीमसिंग दूध पाणी. रामीबाई आधी रडते मग सांगते. राजकुमार मोबाइल अर्धं खरं. घनश्याम उद्या येतो. असे एकशे त्रेचाळीस जण. ह्यांचा नंबर मात्र मी नुसता 'अहो' म्हणून ठेवला आहे. पन्नास वर्षांत मी त्यांचं नाव उखाण्याबाहेर घेतलेलं नाही, आणि फोनमध्ये भरायला उखाणा लांब पडत होता.

हे सगळं मी 'परवानगी द्या' म्हणून कंपनीला दिलं होतं. आणि मी विश्वासू सदस्य असल्याने, राजकुमारने नंतर सांगितलं त्याप्रमाणे, माझ्या एकटीच्या शब्दाला पाच-सहा जणांच्या शब्दाचं वजन आलं होतं.

पहिला भीमसिंग आला. गिऱ्हाइकं त्याला विचारत होती, की दूध आणि पाणी वेगवेगळं आणतोस का एकत्रच. "काकू, एवढ्या सालायपासून मी तुमच्या घरी रतीब घालून राह्यलो," तो म्हणाला, "तुमी मले तोंडावर सांगाचं होतं." मी म्हटलं, तोंडावर चारदा सांगितलं होतं. त्याने विचार केला आणि म्हणाला, "तोंडावर सांगितलं थे घरातल्या घरात राहते."

रामीबाई आली, आधी रडली, मग सांगितलं. तिच्या सुनेच्या फोनवर ती तशी येत होती आणि सून हसत होती.

संध्याकाळी हे बाजार समितीतून परतले. तिथे ह्यांनी जुन्या ओळखीच्या एका जिनिंगवाल्याला फोन केला होता, आणि त्याच्या फोनवर 'अहो' आलं. त्या माणसाने चारचौघांत फोन कानाला लावून म्हटलं, "काय हो?" तेव्हापासून बाजार समितीत सगळे ह्यांना अहो म्हणतात. हे मला म्हणाले, "पन्नास वर्षं फक्त तू म्हणत होतीस." त्यात तक्रार होती की नाही, ते मला अजून कळलेलं नाही. मात्र त्या दिवसापासून हे पेपर जरा खाली धरतात.

मी राजकुमारकडे जाऊन खातं काढून टाकायला लावलं. कंपनीने कळवलं, की आपण जात आहात याचं आम्हाला दुःख आहे, ते तीस दिवसांत आवरू. तोवर नावं तशीच राहतील.

आमच्या खात्याला कान होते. तोंड नव्हतं. दिग्रसमध्ये कोणाची सोयरीक मोडली, कोणाचा मुलगा नापास झाला, कोण कोणाला काय म्हणालं, हे सगळं माझ्या कानातून गेलं. ऐकावं लागे, कारण ऐकल्याशिवाय लाइन चालू आहे की तुटली ते कळत नसे. ते सगळं आजही मला तारीखवार आठवतं. पण एक शब्द मी कोणाला सांगितला नाही. ह्यांना नाही, माझ्या सख्ख्या बहिणीला नाही. माझ्यापाशी दागिने फारसे नाहीत. जे काही होतं ते एवढंच, आणि ते मी पाटावर बसून, चष्मा पुसून, बोटाने ढकलून दिलं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी ही गोष्ट लिहिली नसती.

शनिवारी अर्पिता आली. दाराशीच उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही. तिने फोन पुढे केला. त्यावर घाटंजीच्या मुलाने, संघर्षने, पाठवलेला फोटो होता. त्याच्या वडिलांच्या फोनचा. त्यावर मिस कॉल होता आणि ठळक अक्षरांत लिहिलं होतं: घनश्याम उद्या येतो.

झालं होतं ते असं. मुलीकडच्यांनी घर पाहायला कधी यायचं, हे विचारायला घनश्यामने बुधवारी मुलाच्या वडिलांना, विठ्ठलरावांना, फोन केला. ते आंघोळीला गेले होते. बाहेर येऊन त्यांनी फोन पाहिला, 'घनश्याम उद्या येतो' वाचलं, आणि साहजिकच समजले, की व्याही उद्या येणार आहेत. असा निरोप वाचून कोण वेगळं समजेल? गुरुवारी घरात रोडगे झाले. वांग्याची भाजी, वरण, गोडाचा शिरा. पारवा गावाहून विठ्ठलरावांचे दोन भाऊ आले. सगळे चार वाजेपर्यंत उपाशी बसले. मग विठ्ठलरावांनी घनश्यामला फोन करून विचारलं, "काहून आले नाही?"

घनश्याम त्या वेळी कोणाच्या तरी शिडीवर होता. आयुष्यात लोकांनी त्याला हा एकच प्रश्न विचारलेला आहे, आणि त्याचं उत्तर त्याच्या तोंडात तयार असतं.

"उद्या येतो," तो म्हणाला.

विठ्ठलरावांनी फोन ठेवला आणि लग्न मोडल्याचं कळवून टाकलं.

"बाबाले अजून उमगलंच नाही काय झालं थे," अर्पिता म्हणाली. "मले उमगलं. नावापुढं असं लिवणारं दिग्रसात एकच माणूस आहे."

मी तिचा फोन तिला परत दिला.

"काकू, चार महिने झाले आमी बोलून राह्यलो. मले थो पसंत आहे." हे सांगताना तिने मान खाली घातली नाही. "तुमी चला. तुमच्याबिगर हे कोणाले सांगता येत नाही."

मी मागच्या दारी जाऊन घनश्यामला म्हटलं, चल, घाटंजीला जायचं आहे. तो म्हणाला, उद्या जाऊ. मी म्हटलं, आज. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि चपला घातल्या. घनश्याम ज्या दिवशी म्हटलं त्याच दिवशी निघाला, असं बहुधा पहिल्यांदाच घडत होतं. आर्णीला गाडी बदलावी लागते. तिथे दीड तास तो एका बाकावर बसला. एकदाच म्हणाला, "काकू, मी खरंच असा आहो काय?" मी म्हटलं, हात सोन्याचा आहे तुझा.

विठ्ठलरावांचं घाटंजीला बियाण्याचं दुकान आहे आणि मागेच घर. आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या आणि पाणी दिलं. चहा विचारला नाही. सोयरिकीच्या घरात नुसतं पाणी येणं म्हणजे काय, हे मी इथे समजावून सांगायला नको. त्यांची बायको तानाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मुलगा संघर्ष भिंतीला टेकून होता, चेहरा परीक्षेच्या निकालासारखा.

विठ्ठलराव बोलण्याआधी दोनदा खाकरले. एक लांब, एक आखूड. मला ते कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं, पण मी माझ्या अपराधात होते. मी सगळं सांगितलं. रामीबाईचा ओटा, बहुमत, इतर-मधली अब्रू, हिरवी खूण. फोन त्यांच्या हातात दिला आणि एकशे त्रेचाळीस नावं दाखवली. संघर्ष 'भीमसिंग दूध पाणी'पाशी हसला. बापाने पाहिल्यावर थांबला.

"बाई," विठ्ठलराव म्हणाले, "माणसाचं माणसापाशी ठेवाव. तुमी लोकायचं गावभर केलं. ज्यायच्या पोटात चार गोष्टी राहत नाही, त्यायच्या शब्दावर मी सोयरीक कशी करू?"

पुन्हा खाकरले. एक लांब, एक आखूड.

दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं, कारण ते खरं होतं. पण त्या वाक्याने माझ्या आतलं काहीतरी सरळ उभं राहिलं.

"माझ्या पोटाबद्दल बोलू नका," मी म्हटलं. "फोनची चूक मी केली, थे माझ्या माथी. पण मी दिग्रसच्या एक्स्चेंजले बोर्डावर अठरा वर्षं बसली. अख्खं गाव माझ्या कानातून गेलं. एक शब्द बाहेर गेला असन त दाखवा."

विठ्ठलरावांचा हात पेल्यावर होता, तो तिथेच राहिला.

"दिग्रसले?" ते म्हणाले. "कोणत्या साली?"

"अठ्ठ्याहत्तरपासून."

ऑपरेटर माणसांना चेहऱ्याने ओळखत नाही. हा चेहरा मी आयुष्यात पाहिला नव्हता. पण आता मला आवाज सापडला. तेव्हा तो पातळ होता, बावीस-तेवीस वर्षांचा. जिनिंगमध्ये नवा लागलेला कारकून. दर गुरुवारी दुपारी सव्वादोनला, मालक जेवायला गेले, की बोर्डावर त्या जिनिंगचा दिवा लागे. आधी दोनदा खाकरणं, एक लांब, एक आखूड, आणि मग पुसदचा कॉल. ऑर्डिनरी नाही, पी.पी. म्हणजे ठरावीक माणूसच फोनवर आला पाहिजे, तो नसेल तर बोलायचं नाही. दीड वर्ष. मग एका वैशाखात, ऐन लग्नसराईत, तो दिवा लागायचा बंद झाला.

"जिनिंगचा नंबर चौतीस होता," मी म्हटलं. आताच्या बसक्या आवाजात नाही, बोर्डावरच्या आवाजात. तो आवाज मी तीस वर्षांत काढला नव्हता, पण जागच्या जागी होता. "चौतीस. पी.पी. कॉल."

एवढंच म्हटलं. यापेक्षा एक अक्षर जास्त नाही.

संघर्षला काही कळलं नाही, घनश्यामला तर नाहीच. विठ्ठलरावांनी पेला उचलला, पाणी प्यायले, पेला खाली ठेवला आणि बायकोकडे न पाहता म्हणाले, "चहा ठेव व. पाहुणे केव्हाचे बसले आहेत."

मग ते घनश्यामकडे वळले आणि म्हणाले, की या मशिनीचं काही खरं नाही. त्यांच्याही फोनमध्ये बँकेच्या नावाखाली कोण कोण येतं. माणसाकडून चूक होते, आणि शेवटी दोन्ही मुलांची पसंती आहे ही मोठी गोष्ट. एवढ्या वेगाने इतका समंजस झालेला माणूस मी पाहिलेला नाही. चहा आला, त्यामागून चिवडा आला. साखरपुडा पौषाच्या आत उरकायचं ठरलं. घनश्यामने डोळे पुसले. विठ्ठलरावांनी मला "बाई, अजून थोडा घ्या" असं तीनदा म्हटलं आणि एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

मी जिंकले होते, आणि मला बरं वाटत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी बोर्डावर ऐकलेलं वापरलं होतं. सांगितलं नव्हतं, पण वापरलं होतं. यातला फरक मोठा आहे की बारीक, हे मी चहा पिताना ठरवत होते. माझं ठरलं नाही.

निघताना तानाबाई म्हणाली, मी स्टँडपर्यंत येते. नको म्हटलं तरी आली. घनश्याम गाडीची चौकशी करायला खिडकीकडे गेला आणि आम्ही दोघी बाकावर बसलो. तिने उरलेल्या चिवड्याची पुडी माझ्या पिशवीत नीट उभी ठेवली.

"माह्या लग्नाले पंचेचाळीस वर्षं झाली, बाई," ती म्हणाली. "आज ह्यायनं चहा सांगितला तवा आवाज बारीक झालता. माणूस कशाले घाबरला का होते तसा." मग माझ्याकडे वळून तिने सरळ विचारलं, "काय बोलत होते थे, फोनवर?"

मला सगळं आठवत होतं. पहिल्या गुरुवारचं, मधलं, आणि शेवटचं ते वाक्य, ज्यानंतर पुसदकडून रिसीव्हर ठेवल्याचा आवाज आला आणि इकडून बराच वेळ आला नाही. तीन मिनिटं कधीच होऊन गेली होती. मी त्या दिवशी तीन मिनिटं झाली असं सांगितलं नव्हतं.

"काही ऐकू येत नसे," मी म्हटलं. "लाइन फार खराब होती."

तानाबाईने मान हलवली.

"सगळ्याच गुरुवारी?" तिने विचारलं.

तिच्या घरात किंवा तिच्यासमोर मी गुरुवारचं नाव काढलं नव्हतं. मी तिच्याकडे पाहिलं. ती पदराने बाकावरची धूळ झटकत होती, माझ्या बाजूचीही.

"सगळ्याच," मी म्हटलं.